मुक्कामाची गाडी

बारामतीहून इंदापूरला जाताना आमचा फाटा कधी मागे पडतो ते कुणाला कळतही नाही. एक चिंचेचं झाड, एक पानाची टपरी आणि कालव्याच्या अंगाला वळणारा खडीचा रस्ता. त्या रस्त्यानं तासभर चाललं की आमचं गाव. दोन्ही बाजूंना माणूस बुडेल एवढा ऊस. शहरातले पाहुणे येतात आणि त्या हिरव्यागार रानाचं कौतुक करतात तेव्हा मला अजूनही राग येतो. दिवस मावळताना एकट्या मुलीनं त्या उसातून चालून बघावं, मग काय ते कौतुक करावं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी बारामतीच्या कॉलेजात अकरावीला जायला लागले. सकाळचं काही अडत नव्हतं. आण्णा, म्हणजे माझे वडील, दुधाचे कॅन घेऊन सायकलवरून फाट्यावर जायचे, मी त्यांच्याबरोबर निघायची. खरी अडचण संध्याकाळची. मिळेल त्या इंदापूर गाडीनं मी फाट्यावर उतरायची तेव्हा आण्णा रानात पाण्यावर असायचे आणि चिंचेखाली माझी आई उभी असायची. दिवसभर खुरपून आलेली, पदर कमरेला खोचलेला, हातात बॅटरी. मला न्यायला ती तासभर चालत यायची आणि मला घेऊन तासभर परत चालायची. गाडी कितीही उशिरा आली तरी टपरीच्या बाकड्यावर टेकायची नाही. तिथं पुरुष बसतात, असं तिचं म्हणणं.

दिवाळीनंतर तिचा गुडघा धरला. चालताना बॅटरीचा उजेड खालीवर व्हायला लागला, त्यावरून मला कळलं. आण्णांनाही कळलं असणार. एकदा जेवताना ते म्हणाले, "हिच्या पायाचं आता बघवत न्हाय. हे वरीस सरलं की कॉलेज बंद. गाडी गावात येत असती तर गोष्ट येगळी हुती."

मी भरल्या ताटावरून उठले. पंचाईत अशी की आण्णांवर रागावताही येईना, कारण ते खोटं बोलत नव्हते. बारामतीजवळ जळोचीला आत्या होती, पण तिच्या दोन खोल्यांत आधीच तिची सासू, दीर आणि चार पोरं. तिथं माझी वही ठेवायलाही जागा नव्हती. म्हणजे सगळं गाडीवर येऊन ठेपलं होतं आणि गाडी काही गावात येत नव्हती.

गाडीसाठी गावानं प्रयत्न केले नव्हते असं नाही. दरवर्षी शिष्टमंडळ जायचं. पुढारी आमचे शेजारचे तात्या. तात्या कालव्यावर पाटकरी होते. कुणाच्या रानाला कधी पाणी सोडायचं ते त्यांच्या हातात, त्यामुळे नोकरी संपली तरी गाव त्यांना टरकून असायचं. तात्या धुवट धोतर नेसून एसटीच्या आगारात जायचे, साहेबांना हार घालायचे, निवेदन द्यायचे, चहा प्यायचे आणि "साहेब लई चांगला मानूस हाय" असं सांगत परत यायचे. गाडी नाहीच.

मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या ओट्यावर जाऊन उभी राहिले. म्हणाले, "तात्या, साहेब चांगला असूद्या न्हायतर वाईट. तुमी हार घालून येता आन् माझी आई लंगडत फाट्यावर जाती. तुमच्या चहापायी माझं कॉलेज हातचं चाललं."

वयाच्या मानानं फार बोलले. घरी गेल्यावर आई मला खाऊ का गिळू करणार अशी माझी खात्री होती. पण तात्यांनी तपकिरीची डबी मिटून खिशात घातली आणि म्हणाले, "व्हय. चहा लई झाला."

त्या आठवड्यात ते दोन ट्रॉल्या भरून गाव घेऊन गेले. या खेपेला हार नव्हता. बायका, तान्ही पोरं, भाकरीची गाठोडी. आगाराच्या आवारात सगळे सावली धरून बसले, गाड्या अडवल्या नाहीत, घोषणा दिल्या नाहीत. नुसते बसले. दुपारी भाकरीची गाठोडी सोडली. ठेच्याच्या वासानं वरच्या कचेरीतला एकेक जण खाली डोकावून जायला लागला. शेवटी साहेब स्वतः खाली आले. महिनाभर गाडी देतो, म्हणाले. संध्याकाळी येईल, गावात मुक्काम करील, सकाळी बारामतीला परत. पण ती भरली पाहिजे. रिकामी गाडी पळवायला वरून परवानगी मिळत नाही.

गाडी आली त्या संध्याकाळी मी तिच्यातच होते. दाराशेजारच्या खिडकीत काळी पाटी अडकवलेली आणि तिच्यावर खडूनं आमच्या गावाचं नाव. फाट्यावर गाडी वळायला हळू झाली तर चिंचेखाली आई. मी खिडकीतून ओरडले, "आई, चल की! गाडी गावात चाललीय!"

तिनं पाटीकडं बघितलं आणि हात हलवून गाडीला पुढं जायची खूण केली. मी घरी पोचले आणि तासाभरानं ती चालत आली.

"अगं, मग गेलीस कशाला फाट्यावर?"

"खडूनं लिवलंय न्हवं? पुसलं की गेलं. महिन्याच्या सुखासाठी पायाची सवय मोडली तर म्होरं कुनाचं पाय आनू?"

असं ती रोज करायची. मी खिडकीत बसून पुढं आणि माझी आई धुरळ्यातून मागं. मला एवढी लाज आणि एवढा संताप यायचा की मी फाटा आला की दुसऱ्या खिडकीकडं तोंड करून बसायची. तिच्या हट्टाखाली भीती होती, हे कळायचं माझं वय नव्हतं.

इकडं तात्यांनी गाडी भरायचं मनावर घेतलं. त्यांना आयुष्यात एकच कारभार येत होता, पाण्याच्या पाळ्यांचा. तोच त्यांनी गाडीला लावला. कालव्याच्या शेवटाकडची वस्ती आधी, मग मधली, मग गावठाण. ज्या वस्तीची पाळी, तिथल्या घरटी एकानं त्या दिवशी बारामतीला जाऊन यायचं. काम असो वा नसो. लोकांनी कामं काढली. कुणी दाढी करायला बारामतीला गेला, कुणी चष्म्याची काडी बसवायला. मेंढरं सोडून शेती धरलेल्या वस्तीवरचे एक आबा रोज गाडीत दिसायला लागले, तेव्हा दुसऱ्या वस्तीनं तक्रार केली की यांनी आमची पाळी चोरली. पाणी चोरल्यावर होतात तशी भांडणं पारावर झाली. आबा म्हणाले, "खिडकीत बसून वारं खातोय, तुमच्या उसाचं काय गेलं?" तात्यांनी त्यांना दंड म्हणून मुदत संपेपर्यंत गाडीबंदी केली. आधीच माणसं कमी, त्यात ही बंदी. मी कपाळाला हात लावला.

महिना सरत आला आणि कंडक्टरनं निरोप आणला. साहेब स्वतः बघायला येणार. सकाळी जीपनं गावात येतील आणि आपल्या गाडीत बसून बारामतीला जातील.

गावात एकच धांदल उडाली. शाळेपुढं सडा पडला, हलगीवाला आला, पेढे आले. तात्यांनी आदल्या दिवशीच सगळ्यांना ताकीद दिली होती, पण मला तिचा पत्ता नव्हता. सकाळी साहेब आले, नारळ झाला, तात्यांचं भाषण झालं, साहेब गाडीत चढले. मी त्यांच्या मागच्या बाकावर बसले. आणि मग कुणीच चढेना. अख्खं गाव गाडीभोवती हात जोडून उभं, आणि आत ड्रायव्हर, कंडक्टर, साहेब आणि मी. मी दारातून वाकून तात्यांना म्हणाले, "अवो, बसा की सगळी!"

"गप. साहेबांना ऐसपैस बसू दे. पाव्हन्याच्या अंगावर गर्दी करत्यात व्हय? तू तेवढी बस. कॉलेजची पोरगी गाडीत शोभून दिसती."

गाडी सुटली. साहेबांनी एकदा मान वळवून मोकळ्या बाकांवरून नजर फिरवली. संपलं आता सगळं, एवढंच माझ्या मनात होतं. आई रोज चालत राहिली ते बरोबरच केलं, असंही वाटलं, आणि त्या विचारानं रडू फुटलं.

कालव्याचा पूल ओलांडला आणि रस्त्याच्या कडेला माणसं दिसायला लागली. आधी हायस्कूलची पोरं, दप्तरं पाठीला लावून. ही पोरं महिनाभर याच गाडीनं फाट्यापर्यंत जायची. मग मेथीची पाटी डोक्यावर घेतलेली माळीण. मग साखर कारखान्यात जाणारे दोघं. गाडी जवळ आली की कडेला सरकायचे, साहेबांना नमस्कार करायचे आणि गाडी जाऊ द्यायचे. एकानंही हात केला नाही. माळणीला हात जोडता येईनात, म्हणून तिनं पाटीसकट मान लववली.

साहेबांनी मला विचारलं, "ही सगळी पायी का चालली आहेत? गाडी रिकामी आहे ना?"

मी नाक पुसत म्हणाले, "साहेब, रोज गाडीनंच जातात. आज तुम्हाला जागा व्हावी म्हणून चालतायत. तात्यांनी सांगितलंय."

साहेब माझ्याकडं बघतच राहिले. मग खिडकीतून मागं बघितलं. ती सगळी रांग आपली तोंडभर हसत आमच्या धुरळ्यातून येत होती. साहेब उठून ड्रायव्हरला म्हणाले, "थांबवा. मागं घ्या गाडी."

माणसं चढेनात. साहेबांना दारात उभं राहून अक्षरशः एकेकाला आत बोलवावं लागलं. पुढं वस्त्यांच्या तोंडाशी असंच. दवाखान्यात निघालेली एक बाळंतीण, तिची सासू, दुधाचा कॅन घेतलेला एक जण. आबाही होते, त्यांची बंदी अजून उठायची होती, म्हणून ते साहेबांच्या आडून चढले. फाट्यावर पोहोचेपर्यंत बाकं भरली. साहेबांनी आपली जागा बाळंतिणीला दिली आणि बारामतीपर्यंत दांडीला धरून उभे राहिले. मेथीची पाटी त्यांच्या बुटांवर होती. माझा जीव भांड्यात पडला, पण पूर्ण नाही, कारण गाडीचं काय ते त्यांनी अजून सांगितलं नव्हतं.

मुदत संपायच्या दिवशी संध्याकाळी मी स्टँडवर उभी होते. गाडी फलाटाला लागली, पण मधल्या गर्दीनं मला पाटी दिसलीच नाही. कशीबशी आत शिरले, उद्यापासून गाडी राहणार का, हे कंडक्टरला विचारायचं धाडस होईना. नाही म्हणाला तर? फाट्यावर गाडी हळू झाली. चिंचेखाली आई.

या वेळी मी तोंड फिरवलं नाही. आणि या वेळी आईनं हात केला.

ड्रायव्हरनं गाडी थांबवली. आई चढली नाही. ती दाराशेजारच्या खिडकीपाशी आली, मान वर करून बघितलं, मग अंगठा थुंकीनं ओला केला आणि पाटीवरून जोरात घासला. पुन्हा घासला. अंगठा उलटा करून बघितला. स्वच्छ होता.

"रंग हाय," ती म्हणाली.

कंडक्टर दारातून हसत म्हणाला, "आजच रंगवून लावलीया, मावशी. कायमची झाली गाडी. या, बसा."

मला हुंदका आला तो मी दाबला नाही. गाडीतली माणसं बघत होती, बघू देत. आई माझ्याशेजारी खिडकीला बसली. तिनं तिकीट घेतलं, ते नीट घडी करून कनवटीला लावलं, बॅटरी मांडीवर ठेवली आणि दोन्ही पाय समोर लांब केले. मी तिला सांगत होते की आता कॉलेज बंद करायचं कारण नाही, आण्णांना आजच सांग. ती हूं म्हणाली. कालव्याच्या पुलाअगोदरच तिची मान माझ्या खांद्यावर आली. आई दिवेलागणीच्या आधी झोपलेली मी कधीच बघितली नव्हती. गाडी खड्ड्यांतून आदळत होती आणि ती गाढ झोपली होती.

शाळेपुढं गाडी थांबली. सगळे उतरले. मी तिला हलवायला गेले तर ड्रायव्हरनं किल्ली काढत मागं वळून बघितलं.

"झोपू द्या की त्यांना," तो म्हणाला. "गाडी आता सकाळपतूर हालत न्हाय."

तो आणि कंडक्टर हातपाय धुवायला आडावर गेले. मी आईच्या मांडीवरची बॅटरी पडू नये म्हणून उचलून घेतली आणि बसून राहिले.