पायाळूचा पाय

मी पायांकडून जन्मले. म्हणजे डोकं आधी बाहेर यायचं सोडून माझे पाय आधी आले. आमच्या शिरड शहापुरात अशा लेकराला पायाळू म्हणतात, आणि पायाळू लेकरू म्हणजे गावाचा अर्धा दवाखाना. कुणाच्या कमरेत उसण भरली, पाठीत चमक निघाली, की तो माणूस आमच्या दारात येऊन उंबऱ्याकडं डोकं करून पालथा पडायचा आणि माय मला हाक मारायची. मी खेळत असो, जेवत असो की रुसून बसलेली असो, उठायचं, उजवा पाय धुवायचा, दुखऱ्या जागी तीनदा टेकवायचा. बोलायचं नाही. आणि मागं न बघता घरात जायचं. माणूस कंबर चाचपत उठायचा आणि म्हणायचा, मोकळं झालं बगा.

मोकळं व्हायचंच. साधी उसण काहीही न करता दोन-चार दिवसांत जाते, हे मला पुढं कॉलेजात कळलं. तोवर श्रेय माझ्या पायाचं.

पायाळूपणाचा जाचही होता. आभाळ गडगडलं की माय मला घरात कोंडायची, कारण वीज पायाळूला हुडकत येते. पाऊस आला की पोरी मला झाडाखाली उभं राहू द्यायच्या नाहीत, लांब हो, तुझ्यापायी आमीबी जळू म्हणायच्या. एकदा दोन परकी माणसं मोटरसायकलवर आली आणि गुप्तधन काढायला पायाळू पोर लागते, दिवसभरासाठी द्या, असं माझ्या वडलांना, दादांना, हळू आवाजात म्हणाली. दादांनी बैल हाकायची काठी उचलली. ती माणसं गेली, पण त्यांनी जाताना माझ्या पायांकडं बघितलेलं मला अजून आठवतं. तोंडाकडं नाही, पायांकडं.

आमच्या घरासमोर गादीवाले चाचा राहायचे. कापूस पिंजायचा, गाद्या-उशा भरायच्या, हा त्यांच्या घरचा जुना धंदा. मी लहान होते तेव्हा ते धनुकलीवर कापूस पिंजायचे, वाकून, तासन्‌तास. तिचा टुंग टुंग आवाज सकाळी चहाच्या आधी सुरू व्हायचा. पुढं पिंजायची मशीन आली आणि तो आवाज गल्लीतून गेला. कंबर मात्र तोवर कामातून गेली होती, त्यामुळं माझ्या पायाचं सगळ्यात पक्कं गिऱ्हाईक म्हणजे चाचा. मी पाय ठेवला की ते जमिनीकडं तोंड करून एकच शब्द बोलायचे, बराबर. मग उठून खिशातून लिंबाची गोळी काढायचे. गोळीला नेहमी कापसाचा तंतू चिकटलेला असायचा.

बारावीनंतर मला नांदेडला फिजिओथेरपीला ॲडमिशन मिळाली. हॉस्टेलवर जायच्या दिवशी चाचांनी नवीकोरी उशी आणून दिली आणि डॉक्टरीणबाईची हाय, दाबून भरलीय, म्हणून सांगितलं.

पण त्या डॉक्टरीणबाईवर गल्लीचा विश्वास कसला होता, ते मला हळूहळू कळलं. दादांनी कौतुकानं सांगितलं होतं की पोरगी कंबर, मान, गुडघा बिनगोळीचा बरा करायचं शिकणार. गावानं त्याचा आपला हिशेब लावला. आधी पायानं करत होती, आता हातानं शिकून राहिली! एका भल्या माणसानं दादांना बाजूला घेऊन विचारलं की त्या कॉलेजात फक्त पायाळूंनाच घेतात का, कारण त्याचा मुलगाही पायाळू होता आणि बारावीत दोनदा आपटला होता. हिंगोलीहून येताना जीपमधल्या एका बाईनं मला सगळं नीट विचारून घेतलं आणि मग निकाल दिला: सुई टोचत न्हाई, गोळी लिवत न्हाई, मग डॉक्टर कशाची बाई? लग्नाकार्यात तर पाहुणे मान पुढं करून बसायचे, जरा चोळून दे म्हणून. माझं तोंड पहिल्यापासून फटकळ. चोळायचंच असतं तर घरी म्हैस होती की, एवढी वर्षं कशाला घालवली असती, असं मी एका आत्याला सुनावलं. ती माझ्याशी अजून नीट बोलत नाही.

दुसऱ्या वर्षी मी मायला सांगून टाकलं की आता कुणाच्या पाठीवर पाय ठेवणार नाही. मणके कसे एकावर एक बसलेत, मधून मज्जारज्जू कसा जातो, हे रोज हाताळत असताना घरी येऊन पुन्हा तेच करायचं मला जमेना. ठेवला तर झिजतो का, माय म्हणाली. गावात बोभाटा झाला की पोरगी शेफारली, शहरात जाऊन पायाला मोल आलं. मी म्हटलं, म्हणू दे. एकदाचं यांना कळलं पाहिजे की मी काय शिकतेय.

शेवटच्या वर्षाला असताना दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आले. चाचा बारीक झाले होते. संध्याकाळी अंगात कणकण भरते, घाम येतो, असं चाची सांगत होत्या. कापसाच्या धुळीवर सगळं ढकललं जात होतं. दुपारी चाचा गल्ली ओलांडून आले, पाय फाकवून, हळू. आमच्या उंबऱ्याकडं डोकं करून पालथे पडले. आणि मला दिसलं, त्यांच्या एकाच पायात चप्पल होती.

मी विचारलं, चाचा, दुसरी चप्पल कुठंय? ते पडल्या पडल्या म्हणाले, हाय की पायात.

चप्पल बोअरच्या हापशापाशी पडली होती. मी जाऊन आणली. पायातून चप्पल निसटली आणि पायाला कळलं नाही, हे कशाचं लक्षण असतं ते आम्ही नुकतंच शिकलो होतो.  मी सायकलची किल्ली घेतली आणि त्यांच्या तळव्यावरून ओढली. धडधाकट मोठ्या माणसाचा अंगठा अशा वेळी खाली वळतो. चाचांचा वर उठला. पाठीवरून बोटं फिरवली तर मधला एक मणका बाहेर आलेला हाताला लागला. आत काहीतरी मज्जारज्जूला दाबत होतं. हाड पोखरलं असणार, आणि तो ताप, तो घाम बघता मणक्याचा टीबी असणार, असं मला वाटलं.

मी त्यांना सांगितलं, आजच्या आज नांदेडला निघा, आडवे पडून जा, पाठीला कुणाला हात लावू देऊ नका. चाचांनी सगळं ऐकून घेतलं.

"जातो की," ते म्हणाले. "आधी तू पाय ठेव. एकडाव ठेव, मंग तू म्हनशील तिकडं जातो."

मी नाही म्हटलं. पोखरलेल्या हाडावर पाय ठेवायचा नसतो, हे एक. शिवाय दारात चार बायका उभ्या होत्या. मी पाय टेकवला असता तर संध्याकाळपर्यंत गल्लीत झालं असतं की पोरीनं मोकळं केलं, आणि मग चाचा कशाला जातात नांदेडला. आणि तिसरं म्हणजे मला वीट आला होता. माझ्या डोक्यात जे होतं ते कुणाला नको होतं, सगळ्यांना माझा तळवा पाहिजे होता.

"नाही म्हणजे नाही, चाचा."

ते हळूहळू उठले. माझ्या हातातली चप्पल घेतली, खाली बसून हातानं पाय धरून तिच्यात घातला. बराबर, एवढंच बोलले आणि गेले. रागावले नव्हते. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

मी चाचींना सगळं समजावलं. दादांनी दुसऱ्या दिवशी सकाळसाठी गाडीही ठरवली. पण गाडी दारात लागायच्या आधीच चाचा जीपनं सेनगावकडं गेले होते. चाचींच्या भावाच्या ओळखीचा तिकडं एक पायाळू होता. त्याची रीत वेगळी होती. तो तीनदा पाय टेकवायचा नाही, दोन्ही पायांनी पाठीवर उभा राहायचा.

येताना चाचांचे पाय हलत नव्हते, त्यांना जीपमधून झोपवून आणलं. मग नांदेड, मग ऑपरेशन, मग टीबीच्या गोळ्या. पू काढला, रोग आटोक्यात आला, ताप गेला. पाय आले नाहीत. बेंबीच्या खाली त्यांना काही कळत नव्हतं. मी आमच्या मॅडमना एकदा विचारलं की आदल्या दिवशी आणलं असतं तर चालले असते का. त्या हात धूत होत्या. सांगता येत नाही, त्या म्हणाल्या. कदाचित तरीही हेच झालं असतं.

गावाला मात्र सांगता येत होतं. पोरीनं पाय ठेवला न्हाई म्हनून चाचा लुळे पडले. दळण आणायला गेले तरी तेच, जीपमध्ये बसले तरी तेच. मी आधी प्रत्येकाशी भांडले. टीबी म्हणजे काय, पू कुठं साचतो, पाठीवर माणूस उभा राहिला तर काय होतं, सगळं सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. लोक मान हलवायचे आणि माझ्या पायांकडं बघायचे.

त्या सगळ्यांचं मला काही वाटलं नसतं. पण एक दिवस चाची भाजी निवडता निवडता बोलल्या, आवाज न चढवता.

"तू नुस्ता लावला असता तरी ते तिकडं गेले नसते, बेटा."

 मी बरोबर होते. परीक्षेत हाच पेशंट आला तर मी हेच लिहीन आणि पैकीच्या पैकी मार्क घेईन. पण पाय नुसता वरच्यावर टेकवता आला असता, मणक्यापासून लांब, कमरेखाली, मांडीवर, कुठंही. त्यांनी शब्द दिला होता, मग तू म्हणशील तिकडं जातो. चाचांचा शब्द मोडलेला मी कधी बघितला नव्हता.

तेव्हापासून हे माझ्या मागं लागलंय. वॉर्डात नवा पेशंट आला की मी त्याच्या तोंडाआधी चपला बघते. मधूनच माझा उजवा तळवा बधिर होतो, मग मी फरशीवर पाय आपटून बघते. हॉस्टेलवर पहाटे कधीकधी धनुकलीचा आवाज येतो. नांदेडात कोण कशाला धनुकली वाजवील? मी उशी उलटी करते आणि परत झोपायला बघते. उशी तीच, चाचांची. दाबून भरलेली, अजून बसली नाही.

आता माझी इंटर्नशिप चालू आहे. सुट्टीला आले की रोज समोर जाते. चाचांचे पाय उचलून वाकवते, सरळ करते, सांधे धरू नयेत म्हणून. मग चाची आणि मी मिळून त्यांना पालथं करतो, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून. खिडकीतून कुणीतरी डोकावतं आणि मालिश करून राहिली म्हणतं. मी आता कुणाला दुरुस्त करत नाही. कधी कापसाचा बोळा घेऊन त्यांच्या पायांवरून फिरवते, डोळे मिटून सांगा म्हणते, कळतंय का. चाचा लगेच व्हय म्हणतात. मी हात लावलेला नसतो तरी व्हय म्हणतात. मला बरं वाटावं म्हणून.

त्यांनी त्या दुपारचा विषय कधी काढला नव्हता. मागच्या सुट्टीत काढला. त्यांना पालथं केलं होतं, तोंड गादीत होतं. गादी त्यांनीच भरलेली. तसेच पडून ते म्हणाले, आता तर ठेव, बेटा. आता काय बिघडनार हाय.

चाचींनी माझ्याकडं बघितलं. मी बाहेर जाऊन उजवा पाय धुतला, पुसला, आत आले. चाचींच्या खांद्याला धरून चाचांच्या कमरेवर पाय टेकवला. एकदा. उचलला. दुसऱ्यांदा. पाठ गार होती आणि फार हाडकुळी झाली होती. तिसऱ्यांदा टेकवला आणि ठेवला तसाच.

चाचा वाट बघत पडले होते.

"ठेव की," ते म्हणाले. "काहून थांबली?"

चाचींनी तोंड भिंतीकडं फिरवलं. माझा पाय चाचांच्या कमरेवरच होता.

"ठेवते, चाचा," मी म्हणाले.