निळा खडू

भिवंडीच्या दवाखान्यात माझ्या समोरच्या खाटेवर एक आजोबा होते. सारा जन्म यंत्रमागाच्या कापडातले दोष शोधून निळ्या खडूने खुणा करण्यात गेलेला. लघवीची नळी लावलेले आम्ही सहाजण, आणि ताप एकेक खाट घेत निघालेला. शेवटची खाट माझी.

एका सकाळी आजोबांनी आपल्या लघवीच्या पिशवीच्या तोटीला गुपचूप खडू फासला. वॉर्डबॉयची फेरी त्यांच्यापासूनच सुरू व्हायची. त्याने त्याच हातमोज्यांनी सगळ्या पिशव्या रिकाम्या केल्या. सहाही तोट्या निळ्या!

"सायेब, ताप न्हाय, हात फिरतोय," आजोबा डॉक्टरांना म्हणाले.

वॉर्डबॉयला झापत डॉक्टरांनी एकेक तोटी चिमटीत धरून पाहिली. मग माझी नळी तपासायला वाकले.

आजोबा नुसते खाकरले. डॉक्टरांचीही बोटं निळी झाली होती.