तांबड्या रेघांतली फुई

एका बैठकीत पुरा झालेला कागद आमच्या फुवांनी जन्मात पाहिला नसेल. फुवा म्हणजे माझ्या आत्याचे, आमच्या फुईचे, यजमान, राहणार धानोरा. उभी नोकरी कचेरीत मसुदे दुरुस्त करण्यात गेली. निवृत्तीनंतर मुलाने जुना लॅपटॉप दिला आणि वर्डमध्ये दोन प्रतींची तुलना करायची सोय फुवांना सापडली. जुनी प्रत द्या, नवी द्या, बटण दाबा. वगळलेला मजकूर तांबड्या रेघेने खोडलेला दिसतो. फुवा हरखले. धाकट्या लेकीच्या लग्नपत्रिकेच्या त्यांनी अकरा प्रती केल्या. एकदा किराण्याच्या यादीची मागच्या महिन्याच्या यादीशी तुलना करून, शेंगदाणे का वगळले, अशी फुईकडे रीतसर विचारणा केली. पोतंभर घरात पडलेत, असं ती म्हणाली, तर तेही शेरा म्हणून यादीत घातलं.

फुईची शाळा चौथीत सुटलेली, पण बोलायला बसली की तिला खळ नसे. नातवंडांसाठी तिची हकिगत लिहायचं फुवांनी मनावर घेतलं. ती सुक्या मिरच्यांचे देठ खुडत बोलायची, फुवा टाइप करायचे. पुढे कचेरीची खोड आडवी आली. कोरीटच्या माहेरची मारकी म्हैस अनावश्यक म्हणून गेली. सासूने चोरून दिलेला गूळ गेला. साठ पानांची नऊ पानं झाली आणि फुवांनी ती मला मोठ्या अभिमानाने वाचून दाखवली. फुई शेजारी बसून नुसती हसत होती.

मागच्या हिवाळ्यात फुई गेली. दोन दिवसांचा ताप काय तो आला.

वर्षश्राद्धाला तिच्या हकिगतीची पुस्तिका वाटायची ठरली, म्हणून मी धानोऱ्याला गेलो. फुवांनी पहिल्या आणि शेवटच्या प्रतीची तुलना लावून ठेवली होती. पडदाभर तांबडंच तांबडं.

"तांबडं शे ते तिन्हं," फुवा म्हणाले. "उरनं ते मन्हं."

मला त्यांचा राग आला. खोडलेलं सगळं एका बटणात परत येतं, असं मी सांगितलं. त्यांना ते नको होतं. एकेक ओळ वाचायची, मग तिच्यावरची रेघ काढायची, असं त्यांचं चाललं होतं. म्हैस परत आली, गूळ परत आला. दुपार टळली तरी ते जेवायला उठले नाहीत. शेवटी एकच खोडलेली ओळ उरली: 'मन्हा माणूस भला शे. फक्त मन्हं बोलणं पुरं व्हऊ देत नही.'

फुवांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि तीही रेघ काढली.

"तिले आजून बोलनं व्हतं," ते म्हणाले. "मीच रोज सांगं, आज इतलंच."

त्या ओळीखाली फाइल कोरी होती. फुवा पडदा सरकवत खाली खाली जात राहिले.