दुपट्ट्याचा नंबर

लोक म्हणतात, मनात डूख धरू नये. मी धरतो. धाब्यावरच्या त्या माणसावर तर जन्मभर धरीन.

आत्या वारली तो दिवस. आईमागं तिनंच मला वडनेरला वाढवलं. तिला स्वतःचं मूलबाळ नव्हतं. सकाळी तिच्या पुतण्याचा फोन आला, "दुपारी नेतो. लवकर येजो, थांबाचं जमन नाई." मी वर्ध्याला लागून नालवाडीला राहतो. रात्रभर आमच्याकडे लाईट नव्हती, त्यामुळे अंगणात चार्जिंगला लावलेली गाडी सकाळीही रिकामीच. मोबाईल वर्ध्यात चार्जिंगच्या तीन जागा दाखवत होता. पहिली शोरूममध्ये, तिथं सुट्टीचं कुलूप. दुसरी पेट्रोल पंपावर, तिथल्या मशीनला गोणपाट गुंडाळलेलं. "पावसाळ्यापासून बंद हाय," पंपावरचा म्हणाला. राहिला बायपासचा धाबा. तिथवर गाडी कशीबशी पोचली. मशीन चालू, जागा रिकामी! हुश्श करून उतरलो, तर मशीनच्या केबलवर पांढरा दुपट्टा टाकलेला.

"नंबर लागला हाय, भाऊ," गल्ल्यावरचा मालक म्हणाला. "दुपट्टा दिसून नाई राह्यला काय?"

"आन् गाडी?"

"थे आणाले त गेला ना तो घरी."

हे आमच्याकडचं एसटीचं शास्त्र. बस लागली की खिडकीतून दुपट्टा आत टाकायचा, सीट तुमची. दुसऱ्याचा दुपट्टा कोणी उचलत नाही. लहानपणी मी एकदा उचलला, तर आत्यानं अख्ख्या बससमोर माझा कान पिळला होता. म्हणून थांबलो. आता येईल, मग येईल. रिक्षा करून बसस्टँड गाठावं म्हटलं, की वाटायचं, तेवढ्यात हा येईल. पुतण्याचे फोन येत राहिले.

आला एकदाचा. गालात खर्रा, घाई कशाचीच नाही. मी हात जोडले. "दादा, मयतीले जाचं हाय. मले थोडीशी भरू द्या, मंग तुमी लावा."

त्यानं पिचकारी मारली आणि हसला. "मयतीले त सर्व्यायलेच जा लागते, भाऊ. आपापल्या नंबरानं." आणि खुशाल स्वतःची गाडी लावली. गल्ल्यावरचाही खिदळला.

मी वडनेरला पोचलो तेव्हा माणसं नदीवरून परतत होती. आत्याचं शेवटचं तोंडही पाहायला मिळालं नाही.

त्यानंतर मी घरी चार्जिंग लावणं सोडलं. ऑफिस सुटलं की धाबा. बायको म्हणायची, "येड लागलं काय तुमाले? घरी लाईट असून तिथं काऊन जाता?" मला तो माणूस हवा होता.

उन्हाळ्यात सापडला. माझी गाडी मशीनला लागलेली, मी आत एसीत. त्याची गाडी रखडत आली. मागं नेटकी साडी नेसलेली पोरगी, मांडीवर फाईल. तो काचेशी वाकला, मी काच खाली केली. "दादा, थोडी बाजूले घेता काय? पोरीले नागपूरले इंटरव्ह्यूले जाचं हाय."

हाच तो क्षण! कधीपासून घोकून ठेवलं होतं. "इंटरव्ह्यूले त सर्व्यायलेच जा लागते, भाऊ. आपापल्या नंबरानं."

तो नुसता बघत राहिला. ओळखच नाही लेकाला. मग मीच सगळं सांगितलं, आत्यापासून खर्ऱ्यापर्यंत.

"मी असा बोल्लो?" त्यानं कपाळ चोळलं. "आठवत नाई बा. चुकलंच माझं, माफी द्या." मग खरोखर न समजल्यासारखा म्हणाला, "पण मी येतपर्यंत तुमी थांबले काऊन? जागा त रिकामीच होती. फेकाचा होता दुपट्टा अन् लावाची होती गाडी. घरची मयत होती ना?"

मी काच वर केली.

पोरीचा हात धरून तो उन्हात रस्त्याकडे निघाला, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना हात दाखवत. भोग म्हटलं, बेट्या, भोग. माझी गाडी केव्हाचीच फुल्ल झाली होती, तरी हाललो नाही. आणि जायचं तरी कुठं? वडनेरला आता माझं कोणी नव्हतं.