पुंजाजीचं वीस मिनिटांचं विमान

माझा धाकटा भाऊ पुंजाजी. अकोल्यात सायकलींचं पंक्चर काढण्यात त्याचा जन्म गेला. शाळेत माझ्यापेक्षा एक वर्ग जास्त शिकला, म्हणून लिहिलेल्या अक्षरावर त्याचा भारी भरोसा. एसटीवर ‘अमरावती’ अशी पाटी दिसली की गाडी बंद पडलेली का असेना, हा आत जाऊन बसणार. म्हणणार, “पाटी काय खोटं बोलन?”

पण भाऊबीज कधी चुकवली नाही. एका साली एसटीचा संप होता, तर पठ्ठ्या शंभर किलोमीटर सायकल मारत अमरावतीला आला. मी ओवाळल्याशिवाय तो पाण्याला शिवत नाही, तो आल्याशिवाय मी जेवत नाही. अन् भावानंच बहिणीच्या दारी यायचं, ही त्याची जिद्द.

यंदा त्याच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. दिवाळीच्या गर्दीत ना एसटी झेपणार, ना रेल्वे. मी मनात म्हटलं, बुडाली यंदाची भाऊबीज. तर आदल्या दिवशी त्याचा फोन.

“आक्का, मी विमानानं येऊन राहिलो! मोबाइलवर लिवलं हाय. अकोला ते अमरावती, वीस मिनिटं!”

“अरे, तिकीट काढलं का?”

“वीस मिनिटाले कायचं आगाऊ तिकीट? तिथंच काढू.”

आमच्या घरात विमान फक्त आभाळात पाहिलेलं. दुसऱ्या दिवशी नवं लुगडं नेसले, ओवाळणीचं ताट घेतलं आणि शेजारच्या अब्दुल रहीमच्या ऑटोतून बेलोऱ्याच्या विमानतळावर हजर झाले.

तिथला शिपाई माझ्याकडं पाहतच राहिला. “आजी, अकोल्याहून विमान येतच नाही.”

“मोबाइलवर हाय ना!”

“तो नुसता हिशोब असते. विमान असतं तर किती वेळ लागला असता, एवढंच सांगते ते.”

जे विमान नाहीच, त्याचा टाइम काढून ठेवला, बाप्पा! न झालेल्या पोराचं बारसंच की हे!

फोन लावला. पुंजाजी अकोल्यात शिवणीच्या विमानतळाच्या बंद फाटकापाशी सकाळपासून उपाशी बसलेला.

“पुंजा, घरी जाय. विमान नाही.”

“हा चौकीदारबी तेच म्हणून राहिला. त्याले काय मालूम? लिवलं हाय ना! तू ताट तयार ठेव.” अन् फोन बंद.

ऑपरेशनची पाठ, वरून ऊन, पोटात पाण्याचा थेंब नाही. मी म्हटलं, “अब्दुल, बडनेऱ्याच्या स्टेशनावर घे.”

“आजी, तुमी जाता? भाऊबीज तर तुमच्या घरी...”

“गप चाल!”

रेल्वेत पाय ठेवायला जागा नव्हती. ताट पदराखाली, अन् मी अर्धी एका अनोळखी बाईच्या मांडीवर. ताट दिसलं तशी तिनंच मला धरून बसवलं.

शिवणीला पोचले तर पुंजाजी फाटकाला टेकून आभाळाकडं तोंड करून बसलेला. मला पाहून त्याचे डोळेच पांढरे झाले.

“आक्का! तू कशी आली? विमान तर उतरलंच नाही!”

“रेल्वेनं आली. सरळ बस.”

तो रडकुंडीला आला. “भावानं बहिणीच्या दारी यावं लागते, आक्का.”

“अन् हे दार कोणाचं हाय? ना तुह्यं, ना माह्यं. बस म्हटलं ना!”

निरांजन वाऱ्यानं विझू लागलं, तशी चौकीदारानं आपली टोपी आड धरली. मी ओवाळलं. पुंजाजी घटाघटा पाणी प्याला, तोंड पुसलं, आणि चोरून पुन्हा एकदा वर पाहिलं.