कुणाचंच न ऐकणाऱ्या माणसाचा पेजर

कर्जतपासून खालापूरपर्यंत दुसऱ्याचं न ऐकणारी जेवढी माणसं असतील, ती सगळी एका रांगेत उभी केली तर रांगेच्या तोंडाशी माझे मोठे दीर असतील, आणि मागच्याने "जरा पुढं सरका" म्हटलं तरी ते सरकणार नाहीत. लग्न होऊन मी कडावला आले तेव्हा सासूबाईंनी चूल दाखवायच्या आधी मला हे सांगितलं होतं. "मोठा काय कुणाचं ऐकायचा नाय. त्याच्या वाटेला जाव नको." मी गेले नाही. तशी मी कुणाच्याच वाटेला जात नाही. माझा आवाज घशातून निघतो आणि ओठांपर्यंत येता येता दमतो. शाळेत बाई हजेरी घ्यायच्या तेव्हा मी "हजर" म्हणायचे आणि बाई गैरहजर मांडायच्या. चौथीनंतर माझी शाळा सुटली, तेही बाईंच्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं असणार.

भाऊजींची बाजारपेठेच्या टोकाला भाताची गिरण होती. पत्र्याची शेड, एक मोटर, एक लांब पट्टा आणि कोंड्याच्या धुरळ्यात उभे भाऊजी. त्यांचं बनियन कुठल्या रंगाचं विकत घेतलं होतं ते आता कुणालाच सांगता येणार नाही. जगात टाकाऊ असं काही नसतंच, वस्तू फक्त आपली वाट बघत थांबलेल्या असतात, असं त्यांचं ठाम मत. माथेरानहून त्यांनी एकदा हातरिक्षाचं चाक आणलं. एकच. दुसरं मिळेल म्हणून ते चाक अजून आमच्या गोठ्यात उभं आहे आणि दर पावसाळ्यात त्यावर कारल्याचा वेल चढतो. त्यांच्याशी बोलायला गेलं की ते तीनच उत्तरं देत. "बघू", "तुला काय करायचंय?" आणि "आधी जेव". वीजबिलाचं विचारा, रस्त्याचं विचारा, देव आहे का विचारा, या तिन्हींतलं एक येणार. पुतण्याच्या, म्हणजे त्यांच्याच मुलाच्या, लग्नाच्या बैठकीत मुलीच्या वडिलांनी हात जोडून विचारलं, "तुमच्या काय अपेक्षा असतील त्या मोकळेपणानं सांगा." भाऊजी म्हणाले, "आधी जेवा." त्या एका वाक्यावर पाहुण्यांनी त्यांना संत ठरवलं आणि मुलगी दिली.

गिऱ्हाइकांना हाका मारायचं काम माझ्या जाऊबाईंचं होतं. लोक भाताची पोती टाकून बाजारात जात, आणि कुणाचं भरडून झालं की जाऊबाई दारात उभ्या राहून त्याचं नाव घेत. त्यांचा आवाज असा, की ज्याचं नाव घ्यायच्या तो तर यायचाच, पण त्याच्या नावाचा दुसरा कुणी शेजारच्या गावात असला तर तोही घाबरून निघायचा. पुढे त्यांचे गुडघे धरले, त्या घरी बसल्या, आणि त्यांच्या जागी गिरणीत मी आले. आता लोक बाजारात, मोटर चालू, आणि हाक मारणारी मी. भरडलेल्या तांदळाची पोती दाराशी साठत गेली, माणसं येईनात. जाऊबाई घरून ओरडायच्या, "अगो, तोंडात काय धरलंयस? हाक मार की." मी मारतच होते.

त्याच सुमारास पुतण्या पनवेलहून आला आणि आईला म्हणाला, "आप्पांना मी तीनदा हाक मारली, वळले नाहीत. कानाचं काहीतरी झालंय. त्या पट्ट्याजवळ बहिरं माणूस उभं करणं बरं नव्हं. हात जाईल एक दिवस. दिवाळीनंतर मोटर विकून टाकू."

जाऊबाई म्हणाल्या, "तुला तीन हाकांत कटाळा आला? मी लगीन झाल्यापास्नं मारतेय. त्याचे कान बरे हायेत, त्याला ऐकायचंच नाय."

"मग मी पुढच्या खेपेला येऊन नीट बघतो. ऐकू येत असलं तर राहू दे गिरण," पुतण्या म्हणाला. भाऊजी तिथेच बसून कांदा फोडत होते. नजर मात्र पुतण्याच्या ओठांवर होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ते लोधिवलीला भंगारवाल्याकडे गेले आणि गोणपाटात काहीतरी बांधून घेऊन आले.

हायवेवरचं कुठलं तरी मोठं हॉटेल बंद पडलं होतं, त्याचं ते सामान. भाकरीपेक्षा लहान आणि पुरीपेक्षा जाड अशा काळ्या चकत्या, आणि आकड्यांची बटणं असलेला एक डबा. गिऱ्हाइकाच्या हातात चकती द्यायची, त्याचं जेवण तयार झालं की डब्यावर त्याचा आकडा दाबायचा, चकती वाजते, लाल दिवे लावते आणि थरथरते. पेजर म्हणतात त्याला. "हाटेलात चालतो तर गिरणीत का नाय?" भाऊजी म्हणाले. फोन करा की सगळ्यांना, असं माझे मालक त्यांना म्हणाले होते. त्यावर भाऊजींनी आयुष्यातलं सगळ्यात लांब उत्तर दिलं, "फोनवर माणूस बोलतो. आन बोललं की वाढतं."

चकत्या आणल्या तशा चालत नाहीत. त्या अजून जुन्या हॉटेलाच्याच होत्या. आधी त्यांचं मागचं सगळं पुसायचं, मग नवं शिकवायचं. डब्याच्या खाली एक बारीक भोक असतं, त्यात टाचणी दाबून धरायची, चकती डब्यावर ठेवायची आणि तिचा आकडा दाबायचा. दोन गोष्टी तिच्या डोक्यात जातात. एक डब्याचा नंबर, म्हणजे तुझं घर हे. दुसरा तिचा स्वतःचा, म्हणजे तुझं नाव हे. मग डब्यावरून हवेत कुठलीही हाक जाऊ दे, चकती सगळ्या ऐकते पण उठते फक्त आपल्या नावाला. बाकीच्यांसाठी ती ढिम्म. मला हे लगेच कळलं. असं एक माणूस माझ्या समोरच बसलं होतं.

आम्ही दोघं गिरणीच्या ओट्यावर बसलो. टाचणी मी धरायची आणि आकडे भाऊजी दाबायचे. चकती शिकली की दिवे न लावता नुसती एकदा वाजते, तीच तिची पावती. पहिली चकती वाजली. भाऊजींनी पुन्हा आकडा दाबला. पुन्हा वाजली. त्यांनी पुन्हा दाबला. "मुकी हाय मेली," असं म्हणून त्यांनी तिला गुडघ्यावर आपटलं, मग पुन्हा दाबलं. ती बिचारी वाजत राहिली, ते तिला शिव्या देत राहिले. मी दोनदा म्हटलं, "वाजली, भाऊजी." पण माझं म्हणणं मलाच जेमतेम ऐकू आलं. शेवटी मी चकतीच्या पाठीमागची कळ फिरवून आवाज बंद केला, थरथर आणि दिवे तेवढे ठेवले, आणि ती त्यांच्या तळहातावर ठेवून डब्यावरचं बटण दाबलं. ती त्यांच्या हातात थरथरली. त्यांनी चकतीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग म्हणाले, "सगळ्यांना असंच कर, बाय. वाजणं शहरातल्या लोकांना बरं."

एक चकती त्यांनी आपल्यासाठी बाजूला काढली आणि सुताच्या दोरीने कमरेला बांधली. मी कुणाला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी कुणाला ऐकू गेलं असतं? मात्र त्या दिवसापासून आमचं फार बरं जमलं. माझा आवाज कुणाला ऐकू जात नाही आणि त्यांना कुणाचाच येत नाही. घरातल्या एवढ्या माणसांत आम्ही दोघंच बरोबरीचे निघालो.

चकत्या झकास चालल्या. दोन आठवडे. मग बाजारपेठेपलीकडे, फार्महाऊसवाल्यांच्या रस्त्याला, मिसळीचं नवं हॉटेल निघालं आणि त्या मालकानेही अशाच चकत्या आणल्या. कोऱ्या करकरीत, कारखान्यातून आल्या तशाच. आमचा डबा आणि चकत्याही पुसून पुसून कारखान्यातल्या नंबरावरच आलेल्या. दोन घरांचा एकच पत्ता. रविवारी मी भात झालं म्हणून चारचं बटण दाबलं की तिकडे काळा चष्मा लावलेला मुंबईचा पाहुणा उठायचा आणि मिसळीसाठी भांडायचा. तिकडे मिसळ झाली की इकडे आमचा शेतकरी हातातला अर्धा चहा टाकून धावत यायचा आणि त्याचं पोतं जिथल्या तिथे. एक म्हातारबाबा असे तीनदा आले. चौथ्यांदा ते पोत्यावरच बसले आणि म्हणाले, "आता मीच भरडला गेलो तरी उठायचा नाय."

हॉटेलमालक तणतणत आला. "काका, तुमच्या गिरणीनं माझं गिऱ्हाईक पळतंय."

भाऊजी म्हणाले, "आधी जेव."

"अहो, हॉटेल माझं आहे. मी कशाला जेवू?"

"बघू," भाऊजी म्हणाले आणि पट्ट्याकडे गेले.

त्याच्या चकत्या पुण्याच्या माणसाने बसवून दिल्या होत्या, त्याला त्यात काही करता येईना. मग आमच्याच डब्याचा नंबर बदलायचं ठरलं. भाऊजींनी डबा माझ्यापुढे सरकवला. "तुला आवडतो तो घाल." मला आवडता नंबर आजवर कुणी विचारला नव्हता. मी सतरा घातला, शाळेतल्या हजेरीतला माझा. टाचणी धरून एकेक चकती पुन्हा शिकवली. तेव्हापासून सतराच्या नावाने हाक गेली की कुणीतरी मुकाट्याने हजर व्हायचं.

भाऊजींच्या कमरेच्या चकतीने मात्र थोडा घोळ केला. गिरणीशेजारच्या घरातले आजोबा गेले, तेव्हा भाऊजी तिथे समाचाराला जाऊन बसले. पुरुष सगळे माना खाली घालून बसलेले. इकडे गिरणीत जाऊबाई सहज आल्या होत्या, त्यांनी "हे काय गं?" म्हणत एक बटण दाबलं. तिकडे भाऊजींच्या पोटावर बनियनमधून लाल दिवे लागले. रडणाऱ्या बायका रडायच्या थांबल्या. भाऊजींनी पोटावर हात ठेवला, उभे राहिले आणि भरल्या घरात म्हणाले, "माझा नंबर लागला. येतो." त्या घरची म्हातारी अजून सांगते, एवढ्या शांतपणे जायला निघालेला माणूस तिने पाहिला नाही.

दिवाळी झाली आणि पुतण्या आला. भाऊजी मोटरीशी पाठमोरे उभे होते. पुतण्या त्यांच्या मागे जाऊन थांबला आणि हळूच म्हणाला, "आप्पा." मी डब्यापाशी बसले होते. माझं बोट आपोआप बटणावर गेलं. भाऊजी झटकन वळले. "काय रं, मागं उभा राहून काय बोंबलतोस?"

पुतण्या चपापला. म्हणाला, "आप्पा, तुम्हाला नीट ऐकू येतं ना?"

"तुला काय करायचंय?"

"काय करायचंय म्हणजे? डॉक्टरकडं जाऊ या का?"

"बघू."

"आणि मोटर विकायचं?"

"आधी जेव."

पुतण्या जेवला आणि जाताना आईला म्हणाला, "ऐकू चांगलं येतंय. ऐकत नाहीत, एवढंच. पहिल्यासारखेच आहेत." गिरण राहिली. भाऊजींनी त्या संध्याकाळी घरी जाताना कणीची एक पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "घावन कर."

ती गिरण आणखी एक हंगाम चालली. मग एका दुपारी पट्ट्याची शिवण उसवली. पट्टा फटाफट पत्र्यावर आपटायला लागला, आणि भाऊजी त्याच्याकडे पाठ करून वाकून तांदूळ बघत होते. मी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. त्यांची चकती पोत्यावर पडून तिथेच थरथरत होती, कारण दोरी सकाळीच तुटली होती. मग मी ओरडले. "भाऊजी" म्हणून ओरडले. तो आवाज कुठून आला मला अजून कळलं नाही. मिसळवाला झारा हातात घेऊन बाहेर आला. जाऊबाई घरातून म्हणाल्या, "कोण गं ती बोंबलली?" बाजारातली सगळी माणसं वळली, फक्त भाऊजी वळले नाहीत. मी धावत जाऊन मोटरीचा खटका ओढला.

पट्टा थांबला तसे त्यांनी मागे बघितलं. उसवलेला पट्टा बघितला, दारात जमलेली माणसं बघितली, माझं तोंड बघितलं. सगळे गेल्यावर त्यांनी विचारलं, "हाक मारलीस?"

मी मान हलवली.

"मोठ्यानं?"

मी पुन्हा मान हलवली.

ते पोत्यावर बसले. अंगावरचा कोंडा झटकत म्हणाले, "तेवढी एक ऐकायची व्हती, बाय." दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच पुतण्याला निरोप धाडला की मोटरीला गिऱ्हाईक बघ. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुणाचं तरी ऐकलं, असं सगळं गाव म्हणालं.

शेडमध्ये आता कुणाचे तरी सिमेंटचे पत्रे ठेवलेत. बहुतेक चकत्यांची बॅटरी गेली. दोन तेवढ्या चालतात, एक त्यांच्या कमरेला आणि एक माझ्या, आणि डबा त्यांच्या पडवीत खाटेशी असतो. आमच्या घरांमध्ये एक कुंपण आहे, तेवढं ओलांडून हाक पोचते. पाणी हवं असलं की ते दाबतात, डोंगरावर ढग आला की दाबतात, कधी कारण नसतानाही दाबतात. मी जाते. "काय भाऊजी?" विचारते, आपल्या आवाजात, जेवढा आहे तेवढ्या. ते म्हणतात, "बघू." मग आम्ही दोघं पडवीत बसून रस्ता बघतो. जाऊबाई आतून म्हणतात, "काय गुजगोष्टी चालल्यात गं एवढ्या?"

आत्ता हे लिहितेय आणि कमरेला थरथरलं. चहा मघाशीच देऊन आले, म्हणजे चहासाठी नाही. पाण्याचा तांब्या भरलेला आहे. आभाळात ढगही नाही. हजेरी घेत असतील. जाते.