बिनउंबऱ्याचं घर

हेमाकाकी गेल्याची बातमी हेमाकाकींच्याच नंबरवरून आली. मी कंपनीच्या लॅबमध्ये होते. आमच्याकडे कामाच्या वेळी फोन ड्रॉवरमध्ये ठेवायचा नियम आहे, त्यामुळे चहाच्या सुट्टीत उघडला, तर आमच्या आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काकींच्या नावाशेजारचा तोच जुना जास्वंदीच्या फुलाचा फोटो आणि त्यापुढे तीन शब्द, 'आई गेली. सकाळी.' मला लगेच कळलं. हे काकींच्या मुलीनं, निशानं लिहिलं होतं. पण ग्रुपवर माझ्याशिवाय कुणालाच निशा ठाऊक नव्हती. सगळ्यांना वाटलं, काकींची आई गेली. पाठोपाठ मेसेज येऊ लागले... 'काकी, सावरा स्वतःला', 'काकी, वय काय होतं हो आईंचं?', एकीनं तर लिहिलं, 'तुमच्यासारखी लेक लाभली, भाग्यवान माउली.' काकींच्या मरणावर बायका काकींचंच सांत्वन करत होत्या! काकी असत्या तर तोंडाला पदर लावून पोटभर हसल्या असत्या. मी मात्र कंपनीच्या जिन्यात उभी राहून ढसाढसा रडले, मग नाक पुसून लिहिलं, 'मैत्रिणींनो, काकींची आई नाही. आपल्या काकीच गेल्या.' त्या दिवशी सकाळीच कुंभवलीच्या पिंकीनं आपल्या लेकीनं, मुन्नीनं, उंबरा ओलांडल्याचं मोठ्या आनंदानं लिहिलं होतं. बिचारीनं ते गुपचूप पुसून टाकलं. मला आणखी बरंच काही सांगायचं होतं, पण काकींना दोन वर्षांपूर्वी दिलेला शब्द आड येत होता. आज लिहिते आहे ते निशाला विचारून.

मी मूळची साताऱ्याकडची. लग्न होऊन बोईसरला आले, नवरा शिफ्टवाला, आई आणि सासू दोघीही लांब. सार्थक झाला तेव्हा लसीच्या रांगेत ओळख झालेल्या आम्ही पाच-सहाजणींनी ग्रुप काढला आणि त्याला 'बाळपावलं' असं नाव दिलं. रांगेतली ओळख म्हणजे दोन दिवसांची, असं मला वाटलं होतं. पण एकीनं दुसरीला आणलं, दुसरीनं नणंदेला, आणि बघता बघता ग्रुप फुगला. हेमाकाकी आल्या त्या तेलावरून. बाळाला मालिश कोणत्या तेलानं करायची यावर ग्रुपवर असं काही भांडण जुंपलं की एका मुलीनं वैतागून एडवणच्या आपल्या मावशीलाच मध्ये ओढलं. पुढे ती मुलगी दुबईला गेली, ग्रुपमधून बाहेर पडली. मावशी राहिली ती कायमची. तिची मावशी ती आमची सगळ्यांची काकी झाली.

आमच्या ग्रुपवर काय चालायचं ते ज्यांच्या घरात लहान मूल नाही त्यांना सांगून पटायचं नाही. कुणाचं बाळ पालथं पडलं, कुणाचं बसायला लागलं, कुणाचं पहिलं 'बाबा' म्हणालं आणि 'आई' म्हणालं नाही म्हणून आईचं तोंड एवढंसं झालं. प्रत्येक वेळी पहिलं उत्तर काकींचं. आणि मूल उंबरा ओलांडून बाहेर आलं, की काकी आपल्या दारात त्याच्या नावानं नारळ फोडायच्या. त्यांच्या वाडीत तशी पद्धत आहे. मूल आमचं बोईसरात, नारळ एडवणात! मग फोटो यायचा. एक जुनी, काळी पडलेली जाडजूड फळी, तिच्यावर नारळाची दोन भकलं, एक जास्वंद, आणि खाली 'अमुकनं उंबरा ओलांडला'. पिंकी उत्तर प्रदेशातली, तिला या पद्धतीची काही माहिती नाही, पण तिनंसुद्धा आपल्या पोरीचा फोटो कधी येणार म्हणून महिनोन् महिने वाट पाहिली होती.

काकींचा एकच नियम होता. मूल काय करायला लागलं ते लिहायचं, कितव्या महिन्यात ते लिहायचं नाही. कुणी लिहिलंच तर उत्तर ठरलेलं, 'छान. पण महिना पुसून टाक.' मी केमिस्ट्री शिकलेली, आकड्याशिवाय मला घास उतरत नाही. मी वाद घातला, 'काकी, वय लिहिल्याशिवाय माहितीला अर्थ काय?' त्यावर उत्तर आलं, 'माहिती डॉक्टरला दे. आम्हाला आनंद दे.' मी फणकारले. माझ्या फ्रिजवर तेव्हा तक्ता होता, कितव्या महिन्यात मुलानं काय करायला हवं त्याचा, आणि समोर खुणा करायला चौकोन.

पहिले काही चौकोन भरले. मग भरेनात. सार्थक बसला उशिरा, रांगला तर नाहीच. वर्ष उलटलं, दीड झालं, तरी उभा केला की कापडाच्या बाहुलीसारखा खाली यायचा. डॉक्टर म्हणाले, स्नायू ढिले आहेत, व्यायाम करून घ्या, वेळ द्या, पण शब्द देता येणार नाही. त्या ग्रुपवर रोज कुणीतरी चालत होतं, आणि मी अंगठे दाखवून दाखवून थकले होते. खरं सांगते, मला त्या लेकरांचा राग यायचा. हळूहळू मी लिहिणंच सोडलं. एका दुपारी एकीनं अगदी प्रेमानं विचारलं, 'सार्थकचं काय गं नवीन?' आणि माझा तोल गेला. सगळ्यांच्या देखत लिहून टाकलं, 'काही नवीन नाही. जन्मभर उचलूनच फिरवायचं आहे बहुतेक याला.' तेवढ्यात काकींच्या नंबरवरून उत्तर आलं, 'उचलावं लागलं तर उचलायचं. उचलून घेतलेल्या माणसालाही सगळं दिसतं. रविवारी एडवणला ये.'

मी रागातच गेले. पालघरहून एस.टी., मांडीवर सार्थक, आणि मनात सारखं, या बाईला काय कळतंय माझं! फाट्यावर उतरून वाडीत शिरले. नारळ, केळी, मोगऱ्याची रांग, आणि टोकाला कौलारू घर. काकी ओट्यावर उभ्या होत्या; बुटक्या, काटक, हाताला माती.

"ये गो बाय," म्हणाल्या. "पोराला खाली ठेव. जमीन सारवलेली हाय, काय होनार नाय त्याला."

मी त्याला ओट्यावर बसवलं. आणि आतून घरघर असा आवाज आला. चाकं लावलेल्या लाकडी पाटावर बसून, दोन्ही हातांनी जमीन मागे सारत, तिशीतली एक बाई दारातून सरळ बाहेर आली. कुठंही न अडखळता. तेव्हा माझं लक्ष गेलं, त्या दाराला उंबराच नव्हता.

"ही माजी निशा," काकी म्हणाल्या. "जल्मापास्नं पाय नाय चालत तिचे. तुमी मला मेसेज मेसेज म्हनता ना, ते हीच लिवते. माजी बोटं बघ, वाडीत काम करून घोटीव झालीत, फोनच्या काचेला कळतंच नाय मी हात लावलाय म्हनून. मी बोलते, ही लिवते."

'जन्मभर उचलून' हे माझे शब्द हिनं वाचले होते. मी कसंबसं म्हणाले, "निशाताई, मी ते..."

"आईला मी नंतर वाचून दाखवलं," निशा हसत म्हणाली. "उत्तर आधीच लिहून टाकलं होतं. माझ्याइतकं ते कुणाला माहीत असणार?"

आणि तेवढ्यात सार्थकनं काय केलं! माझा मुलगा, ज्याला बसवलं की तो बसवल्या जागी खांबासारखा राहायचा. एवढं मोठं माणूस आपल्याच उंचीवर, जमिनीवर फिरताना त्यानं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं होतं. त्यानं निशाच्या पाटाकडे टक लावली. मग हात जमिनीला टेकून ढुंगणावर एक हिसका घेतला. पुढं सरकला. थांबला, हसला, दुसरा हिसका. निशा पाट मागे मागे नेत राहिली, दारातून आत, आणि हा तिच्यामागे! मी तोंडावर हात ठेवून तशीच उभी. इतक्या महिन्यांच्या व्यायामानं जे झालं नव्हतं ते एका पाटाच्या चाकांनी केलं होतं.

त्या दुपारी जेवताना मी विचारलं, "काकी, तुम्ही हे ग्रुपवर का नाही सांगत? केवढा धीर येईल सगळ्यांना."

"नाय," काकी एकदम म्हणाल्या. "कुनाला सांगू नको. पोरी भल्या हायत. कळलं तं त्यांना संकोच वाटंल. काकीच्या घरात असं, आपन कसं लिवायचं चाललं म्हनून? मग लिवायच्या बंद होतील. मग आमी दोघींनी दिवसभर वाचायचं काय?"

मी शब्द दिला. घरी येताना सगळी वाट मला एकच गोष्ट कळत नव्हती, अजूनही नीट कळत नाही. स्वतःच्या लेकीनं एक पाऊल टाकलं नाही आणि ही बाई दुसऱ्यांच्या लेकरांच्या पावलांना नारळ फोडत होती. आणि ज्या बोटांनी 'अमुक चालायला लागला, शाब्बास' असं लिहिलं जात होतं ती बोटं तिच्या लेकीची. माझं मन एका मुलासाठी दीड वर्षात आंबून गेलं होतं. या दोघींचं तीस वर्षांत नासलं नव्हतं. माणसाचं मन एवढं मोठं असू शकतं हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं असतं तर विश्वास ठेवला नसता. घरी आल्यावर फ्रिजवरचा तक्ता काढला. महिनाभरात सार्थक बसल्याबसल्या सरकत आमच्या फ्लॅटच्या दारातली दगडी पट्टी ओलांडून जिन्यापाशी गेला. मी धीर करून ग्रुपवर लिहिलं. तासाभरात फोटो आला. फळी, नारळ, जास्वंद, 'सार्थकनं उंबरा ओलांडला'. एकीनं विचारलं, 'चालायला लागला?' काकींचं उत्तर, 'ओलांडला. कसा ते उंबरा विचारत नाही.' आता तो चालतो. खास बूट लागतात, थोडा झुकतो. कितव्या महिन्यात चालला ते लिहीत नाही.

काकींना जाऊन काही आठवडे झाल्यावर निशाचा मला एकटीला मेसेज आला. 'पिंकीच्या मुन्नीचं मी वाचलं होतं, पुसायच्या आधी. नारळ राहिलाय. रविवारी येशील?' ग्रुप तेव्हा मिटल्यासारखाच झाला होता. कुणी काही लिहीत नव्हतं. सगळ्यांना वाटत होतं, आता कुणासाठी लिहायचं?

मी सार्थकला घेऊन गेले. शेजारच्या घरात निशाच्या चुलतभावाचं बिऱ्हाड आहे, त्याच्या बायकोनं चहा दिला. निशा ओट्यावर पाट घेऊन बसली होती, पुढ्यात ती काळी फळी. नारळ तिनं स्वतः फोडला. दोन घाव, आणि भकलं फळीवर. जास्वंद ठेवली. मी फोटो काढायला वाकले, नेहमीसारखा, फक्त फळीचा.

"मागं हो," निशा म्हणाली. "मला पण घे. आणि दार पण."

"निशा, काकींनी..."

"आईला भीती होती पोरी लिहायच्या बंद होतील. त्या तशाही बंदच झाल्यात. आता बघू या."

फोटो काढला. त्यात फळी, नारळ, पाटावर बसलेली निशा, मागे उंबरा नसलेलं दार. तिनं खाली लिहिलं, 'मुन्नीनं उंबरा ओलांडला. मी निशा, काकींची मुलगी. आई सांगायची ते मीच लिहायचे.' आणि पाठवून दिलं. मग आम्ही वाट बघत बसलो. निळ्या खुणा उमटत होत्या, बायका वाचत होत्या, आणि एक अक्षर येत नव्हतं. काकींचं म्हणणं खरं ठरतंय की काय... निशा करवंटीतून खोबरं काढत होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "ही फळी कसली गं? इतक्या फोटोंत पाहिली, कधी विचारलंच नाही."

"हा आमचा उंबरा," ती म्हणाली. "मी सात-आठ वर्षांची असताना बाबांनी हा पाट केला. पण दर वेळी दारात अडायचा. आई वाडीतून धावत यायची, मला उचलून पलीकडे ठेवायची, परत जायची. दिवसातून दहादा. एक दिवस तिनं सुतार बोलावला. आजी खूप भांडली. उंबरा काढलास तर लक्ष्मी घरात राहायची नाय म्हणाली. आई म्हणाली, माजी लक्ष्मी आत अडकून पडलीय, तिला आधी भायेर जाऊ दे. काढला उंबरा. मी पाट ढकलत अंगणापर्यंत एकटी आले. आईनं तिथल्या तिथं त्याच उंबऱ्यावर नारळ फोडला. पहिला नारळ माझा आहे."

मी फळीवरून हात फिरवला. मधोमध घावांनी खळगा पडला होता. तेवढ्यात फोन वाजला.

"वाच," निशा म्हणाली. "माझे हात भरलेत."

पिंकीचा होता. 'निशा दीदी, मुन्नी आपकी फोटो देखके हाथ मार रही है. अगले इतवार लेके आऊँ?' त्याच्यामागून लगेच दुसरा, कोळगावच्या एका मुलीचा. 'निशाताई, आमच्या ओवीला दात आला! खालचा. नवव्या महिन्यात.'

मी निशाकडे पाहिलं. तिचे डोळे भरून वाहत होते आणि ती हसत होती. ओले हात तिनं तसेच वर धरले होते.

"लिही," ती म्हणाली. "मी सांगते, तू लिही."

फळीवर बसून सार्थक खोबरं चावत होता. मी अंगठे तयार ठेवले. निशा बोलली, मी लिहिलं, 'छान. पण महिना पुसून टाक.'